नववी सही

इदालिना बोतेल्यो कशालाच घाबरत नव्हती असं बायशात सांगतात. ते खरं नाही. तिला पाण्याची भीती वाटायची. बर्फ वितळून नदी फुगली की बायशाच्या तळघरांत आधी वास यायचा आणि मागोमाग गटाराचं पाणी उलटं वर चढायचं. त्या दिवसांत इदालिना रात्रीतून उठून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायची आणि खालच्या अंधाराला कान देऊन ऐकायची. माणसांची मात्र तिला कधी भीती वाटली नाही.

कॉर्बेट फॉल्स हे मॅसॅच्युसेट्समधलं जुनं गिरणगाव. वरच्या अंगाला सुखवस्तू लोकांची टेकडी, खालच्या अंगाला नदीला लागून बायशा. नकाशात बायशाला सहावा वॉर्ड म्हणायचे. तिथे सगळी पोर्तुगीज माणसं, बहुतेक सांव मिगेल बेटावरून आलेली. इदालिनाही अकरा वर्षांची असताना बोटीतून आली होती. चौदाव्या वर्षी शिवणाच्या कारखान्यात लागली, विसाव्या वर्षी रंगखात्यातल्या ग्वाल्टर बोतेल्योशी लग्न केलं, आणि दोन मुली थोड्या मोठ्या झाल्यावर पवित्र आत्म्याच्या मंडळाचा हॉल सांभाळू लागली. लग्नं, बारशी, मयताचं जेवण, सणाचं सूप, सगळं तिच्या हातचं. अंगाने थोराड, आवाज असा की हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत न ओरडता पोचायचा. ग्वाल्टर तिच्या नेमका उलट. दिवसातून मोजकं बोलायचा, पण बोलायचा ते लागेल असं.

बायशाच्या नगरसेवकाचं नाव जो टव्हारिश. पाच वेळा निवडून आलेला. लग्नात नवरीच्या बापाआधी रडणारा, मयतात घरच्यांआधी येणारा. पुराचं पाणी उपसणारा कालव्याजवळचा पंप बंद पडला की "बघतो, बघतो" म्हणणारा. नगरपालिकेच्या डांबराने त्याच्या चुलतभावाचं अंगण काळंभोर झालं होतं आणि पंप तसाच होता. एका वसंतात इदालिनाने तळघरातलं पाणी बादलीत भरलं, चार गल्ल्या चालत गेली आणि त्याच्या दारात ठेवलं.

"हे काय, इदालिना?"

"तुझ्या वॉर्डातलं पाणी. तुला कधी बघायला मिळत नाही म्हणून आणलं."

टव्हारिश हसला. तो नेहमीच हसायचा. म्हणून तिने ती बादली त्याच्या बायकोच्या गुलाबांत ओतली आणि रिकामी बादली घेऊन घरी आली.

ही गोष्ट टेकडीपर्यंत पोचली होती. म्हणून दोन वर्षांनी, महापौराचे काही पराक्रम वर्तमानपत्रात छापून आले आणि शहराची सनद नव्याने लिहायला आयोग निवडायचं ठरलं, तेव्हा टेकडीवरच्या लोकांना इदालिनाचं नाव आवडलं. सनद म्हणजे शहराचा कारभार कसा चालायचा, महापौराला काय करता येईल, नगरसेवक किती आणि कुठून, हे सगळं ठरवणारा कायदा. नऊ माणसांनी तो लिहायचा आणि मग साऱ्या शहराने त्यावर मत द्यायचं. बायशातून कुणीतरी उभं राहावं म्हणून मंडळाचे अध्यक्ष म्हातारे सेराफिम यांनी चार पुरुषांना विचारलं. चौघांनी हात झटकले. मग त्यांनी स्वयंपाकघरात येऊन इदालिनाला विचारलं. ती कांदे चिरत होती.

"तिथे काय करायचं असतं?"

"बसायचं, बोलायचं."

"बसायला मला वेळ नाही," ती म्हणाली, "बोलायला जाईन."

निवडून येणाऱ्या नऊ जणांत ती नववी आली. टव्हारिशला धडा शिकवणारी बाई म्हणून टेकडीनेही तिला मतं दिली होती. ती आपल्या कामी येईल असं तिथल्या लोकांनी धरूनच ठेवलं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या माडीवर आयोग बसायचा. अध्यक्ष आल्डन थेयर, निवृत्त वकील. उंच, पांढऱ्या केसांचे, बाईमाणूस आत आलं की उठून उभे राहणारे. माणूस सचोटीचा होता, हे इदालिना शेवटपर्यंत कबूल करायची. तिच्या शेजारच्या खुर्चीत डेस टली, अग्निशमन दलाचा आयरिश कॅप्टन. पहिल्याच गुरुवारी त्याने तिला खिशातली पेपरमिंटची गोळी दिली आणि हळूच म्हणाला, "झोप आली तर चघळा. मी तेच करतो."

तिला झोप आली नाही. उलट तिला ते काम आवडायला लागलं. महापौराने आपल्या सोयऱ्यांना नोकरीत चिकटवू नये, ठेके उघड बोलीने द्यावेत, हिशेब बाहेरच्या माणसाने तपासावेत, या सगळ्याला तिने हात वर केला. गुरुवारी ती घरी येऊन ग्वाल्टरला सगळं सांगायची. तो सूप पीत ऐकायचा.

"मग पंप कधी चालणार?" एकदा त्याने विचारलं.

"तू पण टव्हारिशसारखा बोलायला लागलास."

"मी विचारतोय. तो नुसतं 'बघतो' म्हणायचा."

घोडं अडलं ते नगर परिषदेवर. त्या गुरुवारी थेयरनी मांडलं की आठ वॉर्डांचे आठ नगरसेवक ही पद्धतच सगळ्या रोगाचं मूळ आहे. प्रत्येक जण आपल्या गल्लीपुरतं बघतो. त्यापेक्षा वॉर्ड रद्द करावेत आणि सगळे नगरसेवक साऱ्या शहराने मिळून निवडावेत. जो येईल तो साऱ्या शहराचा असेल.

"तुमच्याइतकं हे कुणाला पटणार, मिसेस बोतेल्यो?" ते हसून म्हणाले. "मिस्टर टव्हारिश पुन्हा दिसणार नाहीत."

इदालिना मनात माणसं मोजत होती. टेकडीवर घरटी चार मतं. बायशात निम्म्या लोकांना अजून नागरिकत्वच मिळालेलं नाही, आणि मिळालंय त्यातले निम्मे दुसऱ्या पाळीला असतात.

"म्हणजे टव्हारिश जाणार," ती म्हणाली. "मग येणार कोण?"

"जो लायक असेल तो."

"राहायला कुठे?"

"त्याने काय फरक पडतो?"

"ज्यांच्या तळघरात पाणी येत नाही त्यांना काही फरक पडत नाही."

खोलीत कुणीतरी खोकलं. थेयर शांतपणे म्हणाले, "पण तुम्हीच तर त्या माणसाच्या दारात बादली नेऊन ठेवली होती."

"नेली होती. चालत नेली. उद्या मी ती कुणाच्या दारात नेऊ? साऱ्या शहराचा माणूस कुठल्या गल्लीत राहतो?" तिचा आवाज आपोआप चढला होता. "टव्हारिश नालायक आहे, हे मी तुमच्याआधी सांगत होते. पण बसलेला माणूस नालायक निघाला म्हणून तुम्ही आमची खुर्चीच मोडताय. त्याला उठवायची सोय करा ना. मधल्या वर्षांत वॉर्डातल्या लोकांना सह्या करून त्याला परत बोलावता येईल असं लिहा."

आणि पुढच्या गुरुवारी तिने तसा प्रस्तावच आणला. आठांऐवजी पाच मोठे वॉर्ड, त्यांचे पाच नगरसेवक, चार साऱ्या शहराचे, आणि लोकांच्या हातात नगरसेवकाला परत बोलावण्याचा हक्क. टलीने तिला पाठिंबा दिला, आणखी दोघांनी दिला. पाच विरुद्ध चार अशी ती हरली. त्यात तिला हरल्यासारखं वाटलं नाही. चार जण होते. अजून बरेच गुरुवार बाकी होते.

पण पानगळ सुरू झाली तसे ते चार कमी होत गेले. एकाला ग्रंथालयाच्या विश्वस्तांची कलमं हवी होती ती मिळाली. दुसरीला एकमताची हौस होती. आणि एका गुरुवारी, अग्निशमन दलाच्या नेमणुकांना महापौराने हात लावू नये हे कलम मंजूर झाल्यावर, डेस टलीनेही वॉर्ड रद्द करायला हात वर केला. हात वर असताना तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

ती त्याला जिन्यात गाठून म्हणाली, "किती गोळ्या चघळल्यास आज?"

"इदालिना, माझ्या पोरांचं कलम होतं ते. चाळीस माणसं आहेत माझी."

"माझी पण आहेत."

"मला कळतं गं."

"कळतं, तेच वाईट आहे. न कळणाऱ्यावर मी एवढी रागावत नाही," ती म्हणाली आणि त्याच्या पुढे निघून जिना उतरली. पुढचे सगळे गुरुवार ती त्याच्या शेजारीच बसली. खुर्ची बदलणं म्हणजे माघार घेणं, असं तिचं मत होतं.

आता अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. नऊच्या नऊ सह्या असल्या तर लोक डोळे मिटून मत देतील, आणि बायशातली एक सही नसली तर कुजबुज होईल, हे थेयरना कळत होतं. एका शनिवारी दुपारी ते एकटेच हॉलवर आले. इदालिनाने त्यांना स्वयंपाकघरातल्याच टेबलाशी बसवलं, केलच्या पाल्याचं सूप वाढलं, वर लिंग्वीसा सॉसेजचे तुकडे घातले. त्यांनी सगळं संपवलं आणि रुमालाने ओठ टिपले.

"मी सरळच बोलतो," ते म्हणाले. "सनद मंजूर झाली की पुढच्या वर्षी निवडणूक होईल. आमच्या नागरिक संघातर्फे नऊ नावं उभी राहतील. त्यांत तुमचं असावं असं मला मनापासून वाटतं. टेकडी तुम्हाला मतं देईल. तुम्ही या शहराच्या पहिल्या पोर्तुगीज नगरसेविका व्हाल. तुमच्या लोकांना माणूस मिळेल, आणि टव्हारिशपेक्षा कितीतरी चांगला."

इदालिनाच्या मनात काही हललंच नाही असं नाही. तिच्या मोठ्या मुलीच्या, फिलोमेनाच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते तिला दिसलं. नगर परिषदेच्या दालनातली उंच पाठीची खुर्ची दिसली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिने ग्वाल्टरला सांगितलं की ती तेवढा वेळ त्या खुर्चीत बसून आली होती.

"आणि मी टेकडीला आवडेनाशी झाले की?" तिने विचारलं.

"तसं कशाला होईल?"

"मिस्टर थेयर, मी सगळ्यांना आवडेनाशी होते. थोडा वेळ लागतो, एवढंच." तिने त्यांची वाटी उचलली. "तुम्ही मला जागा देताय. मी मागतेय ती बायशाला. मी उद्या मेले तर तुम्ही दिलेली जागा माझ्याबरोबर जाईल."

"म्हणजे सही नाही?"

"सूप आणखी वाढू?"

थेयर उठले, तिने दार उघडून धरलं, आणि ते टोपी हातात घेऊन गेले.

ही बातमी बायशात पसरायला वेळ लागला नाही. पहिला आला टव्हारिश. फुलं घेऊन आला, हॉलच्या दारातच दोन्ही हात पसरले, डोळ्यांत पाणी. "इदालिना, मला माहीत होतं. शेवटी रक्त ते रक्त. आता आपण दोघं मिळून त्यांना दाखवू."

"दोघं मिळून काय?"

"सनद पाडू. आहे ते आहे तसं ठेवू."

"आहे ते आहे तसं ठेवायला मी दीड वर्ष जिना चढले का?" ती म्हणाली. "मला वॉर्ड हवाय. तू नकोयस. ती फुलं घरी ने, तुझ्या बायकोचे गुलाब मी मारले होते."

टव्हारिश या वेळी हसला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो दारोदार सांगू लागला की इदालिनाला टेकडीने विकत घेतलंय, आणि ती आयोगात सही करत नाही हे सगळं नाटक आहे. टेकडीवर लोक म्हणत होते की तिला टव्हारिशने विकत घेतलंय. "दोघांनी दिलं असतं तर आपण नवा फ्रिज घेतला असता," ग्वाल्टर म्हणाला.

मग सेराफिम आले. ते उभेच राहिले. वयाने ऐंशीच्या घरातले, तिच्या बापाचे मित्र.

"पोरी, सणाच्या मिरवणुकीला शहराची परवानगी लागते. रस्ता बंद करायला लागतो. हॉलचा परवाना आहे. आताचा महापौर टेकडीच्या बाजूला, नगरसेवक टव्हारिश. तू दोघांशीही भांडून बसलीस. मंडळाने कुठे जायचं?"

"तुम्हीच मला पाठवलंत, सेराफिमकाका."

"बोलायला पाठवलं होतं. भांडायला नाही."

इदालिनाने कमरेची हॉलची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याला ते अपेक्षित नव्हतं. त्यांना वाटलं होतं ती नमेल, निदान रडेल. "तसं नाही म्हणत मी," ते म्हणाले.

"तसंच म्हणताय. कढया आतल्या कपाटात आहेत. मोठीचा कान सैल झालाय, उचलताना सांभाळा म्हणावं."

त्या वर्षीच्या सणाला सूप दुसऱ्या बायकांनी केलं. ती रांगेत उभी राहिली, पाव भिजवून सगळ्यांसारखी जेवली आणि चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी आल्यावर मात्र तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ग्वाल्टर बाहेर बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पुदिना कमी होता." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुदिना नव्हताच."

अंतिम अहवालाआधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. हायस्कूलच्या सभागृहात ती झाली. व्यासपीठावर लांब टेबल, टेबलामागे नऊ जण. इदालिना आदले पंधरा दिवस दारोदार हिंडली होती, आणि तरी तिला खात्री नव्हती. पण दुसऱ्या पाळीची माणसं सोडून बरीचशी बायशा टेकडी चढून आली. कामावरच्या कपड्यांत, काळ्या शालींत, मागच्या ओळींत दाटीवाटीने बसली. कुणी बोलेना. टेकडीवरचे एकामागून एक उठून सनदेचं कौतुक करत होते.

शेवटी तिया कोन्सेसाव उठली. सगळी बायशा तिला तिया, म्हणजे मावशी म्हणायची. नवरा जाऊन तीस वर्षं झाली तरी अंगावर काळंच. ती मधल्या वाटेने काठी टेकत पुढे आली आणि पोर्तुगीजमध्ये बोलू लागली.

"कृपया इंग्रजीत," थेयर म्हणाले.

तियाने त्यांच्याकडे बघितलं आणि पोर्तुगीजमध्येच पुढे चालू ठेवलं. तेव्हा इदालिना खुर्चीवरून उठली, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली आणि तियाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी सांगते ती काय म्हणतेय."

टेबलामागून एक जण म्हणाला, "मिसेस बोतेल्यो आयोगाच्या सदस्य आहेत. त्यांना दुभाषी होता येणार नाही."

"मग दुसरा दुभाषी आणा. आम्हाला घाई नाही."

दुसरा कुणी नव्हता. मागच्या ओळींतला एकही माणूस जागचा हलला नाही. थेयरनी बाजूला बसलेल्या आयोगाच्या वकिलाशी काहीतरी कुजबुज केली आणि मान डोलावली. "बोला."

तिया बोलली आणि इदालिनाने वाक्य वाक्य सांगितलं, एक शब्द मऊ न करता.

"ती म्हणते, या माणसाला सांग, मी त्याच्या आईकडे इस्त्री करायला जात होते. बारा वर्षं गेले. मागच्या दाराने जायचं आणि मागच्या दाराने यायचं. पुढचं दार कसं आहे ते मी कधी बघितलं नाही."

थेयरचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"ती म्हणते, हा टव्हारिश म्हणजे आमचं मागचं दार आहे. कुजकं आहे, कडी लागत नाही. आम्ही म्हणतो दुरुस्त करा. तुम्ही म्हणता भिंत घाला."

तिसऱ्या ओळीत बसलेला टव्हारिश आपल्या बुटांकडे बघत होता.

"मला आठवतात त्या," थेयर खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्याकडे येत असत."

इदालिनाने ते तियाला सांगितलं. तियाने काठीवरचा हात बदलला आणि काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, आठवत असेल तर नाव सांगा."

थेयरनी तियाकडे नीट बघितलं. ते खोटं बोलणारे नव्हते. "नाही सांगता येत," ते म्हणाले.

"कोन्सेसाव द ख्रिश्तु पिमेंतेल," तिया स्वतःच म्हणाली. त्याला दुभाष्याची गरज नव्हती. ती वळली आणि मधल्या वाटेने परत गेली, आणि मग मागच्या ओळींतून एक एक जण उठू लागला. त्या संध्याकाळी इदालिना परत व्यासपीठावर गेलीच नाही. शेवटपर्यंत खालीच उभी राहिली आणि सगळ्यांचं बोलणं इंग्रजीत सांगत राहिली. तिचा घसा बसला.

आयोगाने मात्र एक शब्द बदलला नाही. पुढच्या गुरुवारी अहवाल सह्यांसाठी टेबलावरून फिरला. आठ जणांनी सही केली. टलीने कागद तिच्यासमोर सरकवला, पेनही ठेवलं. तिने टोपण लावून पेन त्याला परत दिलं आणि कागद तसाच थेयरकडे सरकवला.

कायद्याप्रमाणे सही न करणाऱ्याला आपलं म्हणणं अहवालाबरोबर छापून घेता येतं, आणि ते शहरातल्या घरोघरी जातं. एक हजार शब्दांपर्यंत चालतं. इदालिनाने स्वयंपाकघरात बसून स्वतःच लिहिलं आणि फिलोमेनाला हातही लावू दिला नाही. ते असं होतं:

"मी सही केली नाही. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक वाईट आहे. त्याला काढायची ताकद आम्हाला द्या असं मी म्हटलं. आयोगाने ती ताकद दिली नाही, आमचा वॉर्ड काढला. तुम्ही खाली राहा नाहीतर वर राहा. उद्या तुमच्या गल्लीत पाणी शिरलं तर कोणाकडे जायचं ते या सनदेत शोधा. मी शोधलं. मला सापडलं नाही. इदालिना बोतेल्यो."

थेयरनी ते वाचलं. "तुम्हाला हजार शब्द मिळतात, ठाऊक आहे ना?"

"उरलेले तुम्ही वापरा," ती म्हणाली.

नोव्हेंबरात मतदान झालं. बायशाने सनदेविरुद्ध मत दिलं, गिरणीमागच्या फ्रेंच वस्तीनेही दिलं, ज्याची कुणाला अपेक्षा नव्हती. पण टेकडी मोठी होती. सनद थोडक्यात मंजूर झाली. पुढच्या वर्षी नऊ नगरसेवक निवडून आले आणि त्यातल्या आठ जणांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. कारभार खरोखर सुधारला, हेही सांगायला हवं. डांबर कुणाच्या अंगणात गेलं नाही. ते बायशातही आलं नाही.

इदालिना आता दर पंधरवड्याला नगर परिषदेच्या बैठकीला जाऊ लागली. लोकांना बोलायला तीन मिनिटं मिळायची. ती तीन मिनिटं पंपावर बोलायची. नाव पुकारलं की एक नगरसेवक पाणी प्यायला बाहेर जायचा, म्हणून एकदा ती उठून त्याच्या मागे गेली आणि पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी उभी राहून तीन मिनिटं त्याच्याशी बोलली. किल्ली तिला परत मिळाली ती सेराफिम गेल्यावर. त्यांच्या मयताचं जेवण करायला दुसरं कुणी तयार होईना. तिने ते मन लावून केलं.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. एका वसंतात पाणी तळघरातून वर आलं, पहिल्या मजल्यावर चढलं, आणि तिया कोन्सेसावच्या रिकाम्या घराची मागची भिंत बसली. त्या उन्हाळ्यात इदालिना पाय सुजलेले असताना घरोघरी सह्या गोळा करत फिरली. नवा आयोग निवडायचा तर शहरातल्या बऱ्याच मतदारांच्या सह्या लागतात. एव्हाना बायशात कितीतरी लोकांना नागरिकत्व मिळालं होतं. त्यांतल्या कितीतरी जणांना परीक्षेसाठी तिनेच हॉलच्या टेबलावर बसवून शिकवलं होतं. फ्रेंच वस्तीतल्या सह्या आणायला निवृत्त झालेला डेस टली आला. तिने त्याला बोलावलं नव्हतं. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला कागद दे." तिने दिला. त्याने गोळी देऊ केली ती मात्र तिने घेतली नाही.

दुसऱ्या आयोगात ती पहिली आली. थेयर आता नव्हते. नवी सनद लिहिली गेली. पाच नगरसेवक वॉर्डांचे, चार साऱ्या शहराचे, आणि वॉर्डाला आपला नगरसेवक परत बोलावण्याचा हक्क. या अहवालावर तिने सही केली, सगळ्यांत आधी. मतदानात सनद सहज मंजूर झाली. त्या रात्री हॉलमध्ये अकॉर्डियन वाजत होतं, आणि ग्वाल्टर, जो लग्नातही नाचला नव्हता, तो अर्धं गाणं नाचला.

आणि नव्या सनदेखालच्या पहिल्याच निवडणुकीत बायशाने निवडून दिला तो टव्हारिशचा पुतण्या. तसंच हसू, तसेच पसरलेले हात. इदालिना त्याच्याविरुद्ध दारोदार फिरली होती. लोकांनी तिला कॉफी दिली, गोड पाव दिला, आणि मत पुतण्याला दिलं.

"एवढ्यासाठी केलंस?" फिलोमेना चिडून म्हणाली.

"त्यांनी निवडला. त्यांचा हक्क आहे," इदालिना म्हणाली. पण तिने जेवण अर्धं सोडलं.

पुतण्याने वर्षभर पंपाचं "बघतो, बघतो" केलं. मग एका रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांशी इदालिना घडीचं टेबल मांडून बसली. नगरसेवकाला परत बोलावण्याच्या अर्जावर तिने पहिली सही केली आणि कागद लोकांकडे फिरवला. शेजारची ओलिंपिया थांबली.

"अगं, त्या जागेसाठी तू दहा वर्षं भांडलीस. आणि आता तूच ती रिकामी करणार?"

"हो. आता करता येते," इदालिना म्हणाली. "सही इथे कर, पत्ता स्वच्छ लिही."

सह्या पुरेशा झाल्या नाहीत. थोड्या कमी पडल्या. पण पुतण्याला काकासारखं हसत बसता आलं नाही. तो घाबरला, आणि बर्फ वितळायच्या आत कालव्याजवळ नवा पंप बसला. त्याच्या उद्घाटनाला त्याने इदालिनाला बोलावलं, फीत कापायला कात्री दिली. तिने कात्री त्याच्या हातात परत ठेवली, पंप चालू करून दाखव म्हणाली, आणि तो चालू झाल्यावर बराच वेळ कान देऊन त्याचा आवाज ऐकत उभी राहिली.